बिअर बिघडली कुठे?

स्टॅटिस्टिक्सचा पेपर दिलेल्या कुणालाही 'स्टुडंट्स टी-टेस्ट'बद्दल विचारा, कपाळावर आठ्या येतील. नाव ऐकून वाटतं, ही टेस्ट खास विद्यार्थ्यांना छळायलाच काढली असावी. पण 'स्टुडंट' हे टोपणनाव आहे. विल्यम गॉसेट नावाच्या माणसाचं. आणि हा गॉसेट नोकरीला होता डब्लिनच्या गिनेस या बिअर कंपनीत. ऑक्सफर्डला गणित आणि केमिस्ट्री शिकून तो १८९९ मध्ये तिथे लागला. बार्ली चांगली की वाईट, हॉप्स कसे आहेत, हे तपासायचं तर हाताशी नमुने मोजकेच. एवढ्याशा नमुन्यांवरून अख्ख्या मालाबद्दल कितपत खात्रीने बोलायचं, हा त्याच्यापुढचा प्रश्न. त्याचं उत्तर १९०८ मध्ये 'बायोमेट्रिका' या जर्नलमध्ये छापून आलं. टोपणनावाने, कारण कंपनीला आपल्या माणसांनी स्वतःच्या नावावर संशोधन छापलेलं चालत नव्हतं.

हे एकच उदाहरण नाही. केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये आपण जो पीएच मोजतो, ती कल्पना सोरेनसनने १९०९ मध्ये मांडली, कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग लॅबोरेटरीत. त्याच्या आधी तिथेच १८८३ मध्ये हान्सनने यीस्टची एकच एक पेशी वेगळी काढून तिच्यापासून शुद्ध यीस्ट वाढवून दाखवलं. कारण काय, तर बिअर मध्येच केव्हातरी बिघडायची आणि का बिघडली ते कुणाला सांगता यायचं नाही.

'का बिघडली?' हा प्रश्न आज अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये असंख्य लोकांच्या किचनमध्ये विचारला जातो. तिकडे घरी बिअर बनवणं हा चक्क छंद आहे. ब्रिटनमध्ये १९६३ पासून घरच्यापुरत्या बिअरला लायसन्स लागत नाही. अमेरिकेत जिमी कार्टर यांनी १९७८ मध्ये कायद्यावर सही केली आणि दोन किंवा जास्त प्रौढ माणसं असलेल्या घराला वर्षाला २०० गॅलनपर्यंत बिअर बनवायची मुभा मिळाली. विकायची मात्र नाही. तरी अलाबामा आणि मिसिसिपी ही दोन राज्यं २०१३ पर्यंत अडून बसली होती. एमएस करायला तिकडे गेलेल्या आपल्या मुलामुलींना लॅबमधला एखादा सहकारी किंवा रूममेट बाथरूमच्या कोपऱ्यात झाकण लावलेली बादली घेऊन बसलेला दिसतो, तो याच पंथातला.

आपल्याकडे काय, ते आधीच क्लिअर करून टाकू. महाराष्ट्रात दारूबंदी कायदा १९४९ चा आहे आणि त्याप्रमाणे लायसन्सशिवाय कुठलंही मद्य बनवणं हा गुन्हा आहे, मग ते स्वतःपुरतं का असेना. सौम्य बिअर प्यायलाही वयाची २१ वर्षं पूर्ण लागतात. तेव्हा हा लेख हॉस्टेलच्या रूमवर करून बघायची रेसिपी नाही. पण बिअरची चव कशी सुधारते, या प्रश्नात केमिस्ट्री, मायक्रोबायोलॉजी आणि स्टॅटिस्टिक्स हे तिन्ही विषय असे काही एकत्र येतात की एक थेंबही न पिणाऱ्याला मजा यावी.

माणूस करतो काढा, बिअर करतं यीस्ट

प्रक्रिया थोडक्यात. बार्लीला मोड आणून वाळवलं की माल्ट होतं. भरडलेलं माल्ट ६५ ते ६८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर भिजवायचं. धान्यातलीच एन्झाइम्स स्टार्चची साखर करतात. ते गोड पाणी गाळून तासभर उकळायचं, उकळताना कडवटपणासाठी हॉप्सची फुलं टाकायची. या काढ्याला म्हणतात वर्ट. तो गार करायचा, यीस्ट घालायचं, झाकायचं. एक-दोन आठवड्यांनी थोडी साखर घालून बाटल्यांत भरायचं म्हणजे गॅस धरतो. झालं.

आता होतं काय, की पहिली बॅच हमखास 'ठीक' निघते. म्हणजे बिअर आहे हे कळतं, पण मागून कसली तरी विचित्र चव येते. यावर नवशिक्याची पहिली प्रतिक्रिया ठरलेली: पुढच्या वेळी काहीतरी जास्त घालू. जास्त हॉप्स, संत्र्याची साल, कॉफी, मध, दालचिनी. भाजी बिघडली की आपण गरम मसाला वाढवतो, तसंच. आणि भाजीसारखंच, मूळ घोळ तसाच राहतो.

माझ्या मते या सगळ्या विषयातली कळीची गोष्ट इथे आहे. घरच्या बिअरची चव सुधारते ती बहुतेक वेळा काहीतरी घालून नाही, तर काहीतरी काढून. नको असलेली प्रत्येक चव हा एक ठरावीक रेणू असतो, आणि तो ठरावीक चुकीमुळे तिथे आलेला असतो. चव ओळखता आली की चूक सापडते. डॉक्टरने जीभ बघून निदान करावं तसं, फक्त इथे जीभ डॉक्टरची.

दवाखान्याचा वास, मक्याचं कणीस

उदाहरणार्थ, बिअरला दवाखान्यातल्या चिकटपट्टीसारखा वास येतोय. हा क्लोरोफेनॉल. नळाच्या पाण्यात जंतू मारायला क्लोरीन किंवा क्लोरामाइन घातलेलं असतं. त्याची माल्ट आणि यीस्टमधल्या फेनॉल्सशी गाठ पडली की हा पदार्थ तयार होतो, आणि अब्ज भागांत मोजके काही भाग असले तरी नाकाला कळतो. क्लोरीन उकळून जातं, क्लोरामाइन सहजासहजी जात नाही. उपाय हास्यास्पद वाटावा इतका सोपा आहे: कॅम्पडेन नावाची मेटाबायसल्फाइटची गोळी. एक गोळी साधारण ७५ लिटर पाण्याला पुरते. म्हणजे १९ लिटरच्या नेहमीच्या बॅचला पाव गोळी. पाव गोळीने जी चव सुधारते, ती किलोभर हॉप्सने सुधारत नाही.

उकडलेल्या मक्याच्या कणसाचा वास आला, तर तो डायमिथाइल सल्फाइड. फिक्या माल्टमध्ये त्याचा कच्चा माल असतो, वर्ट उकळताना तो वाफेबरोबर निघून जातो. जायला वाट मात्र हवी. गॅस वाचवायला भांड्यावर झाकण ठेवलं की कणीस बिअरमध्ये. तेव्हा झाकण उघडं ठेवून दणदणीत उकळायचं आणि नंतर पटकन गार करायचं.

बिअरच्या बाटल्या तपकिरी का असतात, याचंही उत्तर इथेच आहे. हॉप्समधल्या कडू द्रव्यांवर उजेड पडला की ती फुटतात आणि गंधकाचं एक संयुग बनतं. स्कंक नावाच्या अमेरिकन प्राण्याच्या दुर्गंधी फवाऱ्यात असतात, त्यांच्या जवळचं. तपकिरी काच हा उजेड बराचसा अडवते, हिरवी आणि पांढरी काच नाही. खिडकीत मांडलेल्या बाटल्या फोटोत छान दिसतात, बस्स.

माठाची आयडिया

पण सगळ्यात जास्त बिअर बिघडते ती तापमानाने. इथे जरा थांबू.

यीस्ट साखर खातं, त्याचं अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड करतं, आणि हे करताना उष्णता सोडतं. नेहमीच्या एल प्रकारच्या यीस्टला १८ ते २२ अंश मानवतात. थर्मामीटर भिंतीवर लावून '२२ आहे, झकास' म्हणणारा माणूस फसतो तो इथे. खोली २२ वर असेल, पण ऐन भरात आलेली बादली आतून त्याहून चार-पाच अंश वर असू शकते. तापलेलं यीस्ट घाई करतं आणि घाईत नको ते पदार्थ सोडतं. थिनरसारखा, नेलपेंटसारखा वास, घशाला चटका देणारी जड अल्कोहोल्स. दुसऱ्या दिवशी डोकं धरायला लावणारी म्हणून घरगुती बिअर बदनाम होते, ती बऱ्याचदा या चवीची असते. पहिले तीन दिवस सगळ्यात महत्त्वाचे. चव तेव्हाच ठरते, नंतर फक्त वाट बघायची.

लॅबसारखा तापमान-नियंत्रक नसलेल्या विद्यार्थ्यांनी यावर जी युक्ती काढली, ती आपल्या आजीला विचारली असती तर तिने फुकट सांगितली असती. बादली पाण्याने भरलेल्या टबात ठेवायची, तिला जुना ओला टी-शर्ट घालायचा, टी-शर्टचं टोक पाण्यात आणि समोर टेबलफॅन. पाणी वर चढत राहतं, वाफ होताना उष्णता घेऊन जातं, आतलं तापमान काही अंशांनी उतरतं. म्हणजेच आपला माठ. ज्यांच्याकडे थोडे पैसे असतात ते जुना फ्रिज आणून त्याला थर्मोस्टॅट जोडतात. नवशिक्याने पहिला खर्च कशावर करावा? माझं मत विचाराल तर भारीतल्या पातेल्यावर नाही, यावर.

तापमानाच्या जोडीला यीस्टची संख्या. जुनं, अर्धमेलं पाकीट टाकलं तर थोड्याच पेशींवर सगळ्या कामाचा बोजा पडतो. ताजं ११ ग्रॅमचं पाकीट १९ लिटरला पुरतं. पाकिटावरची तारीख वाचणं हे दूध घेताना आपण करतोच.

लोणी आणि घाई

पॉपकॉर्नवरच्या बटरसारखी चव ही डायअ‍ॅसिटिलची. आणि ही केस मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटते, कारण इथे गुन्हेगार आणि पोलीस एकच आहे. यीस्ट वाढताना एक पदार्थ बाहेर टाकतं, त्याचं पुढे डायअ‍ॅसिटिल होतं. पण साखर संपत आली की तेच यीस्ट हे डायअ‍ॅसिटिल परत आत घेऊन निकामी करतं. फक्त त्याला दोन-तीन दिवस द्यावे लागतात. हिरव्या सफरचंदाचा वास देणाऱ्या अ‍ॅसिटाल्डिहाइडचंही तसंच. म्हणजे बुडबुडे थांबल्याबरोबर घाईने बिअर काढून बाटलीत भरली, की साफसफाई करणाऱ्यालाच आपण हाकललेलं असतं.

वेळ झाली की नाही हे ओळखायची एक देखणी चाचणी आहे. थोडी बिअर दोन ग्लासांत घ्यायची. एक झाकून ६० अंशांच्या आसपासच्या गरम पाण्यात अर्धा तास ठेवायचा, मग गार करून दोन्ही हुंगायचे. तापवलेल्या ग्लासाला लोण्याचा वास आला, तर डायअ‍ॅसिटिलचा कच्चा माल अजून शिल्लक आहे, थांबा. उष्णतेने आपण पुढचे काही आठवडे अर्ध्या तासात उरकून घेतले.

थांबण्यामागे सुरक्षेचंही कारण आहे. साखर शिल्लक असताना बाटली बंद केली तर गॅस साठत जातो आणि काच फुटते. 'बॉटल बॉम्ब' हा शब्द गमतीचा वाटला तरी काचेचे तुकडे गमतीत उडत नाहीत. म्हणून हायड्रोमीटरचं रीडिंग दोन-तीन दिवस जसंच्या तसं राहिलं तरच बाटलीबंद.

आणि ऑक्सिजन. वर्ट गार झाल्यावर, यीस्ट घालताना, तो हवा; पेशींची पटलं (मेम्ब्रेन) बांधायला लागतो, म्हणून बादली खळखळून हलवायची. पण एकदा बिअर झाली की तोच ऑक्सिजन शत्रू. ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते. तेव्हा बाटलीत भरताना उंचावरून धार नको, नळी तळापर्यंत. वर्ट खळखळवायचं, बिअरला हलवायचंही नाही. अनेक जण हे नेमकं उलटं करतात.

स्वच्छतेबद्दल लिहीत नाही, कारण पहिल्या दिवशी प्रत्येकाला तेच सांगितलेलं असतं. एवढंच, की धुणं आणि निर्जंतुक करणं ही दोन वेगळी कामं आहेत. आणि प्लॅस्टिकच्या बादलीला आतून ओरखडे पडले की ती बादली कपडे भिजवायला द्यावी.

आता एक पेच. केळ्याचा आणि लवंगेचा वास लागरमध्ये आला तर बिघाड. पण बव्हेरियातल्या गव्हाच्या बिअरमध्ये, हेफेवायझेनमध्ये, तोच वास नसेल तर लोक ग्लास परत करतील. केळ्याचा वास म्हणजे आयसोअमाइल अ‍ॅसिटेट, लवंगेचा म्हणजे ४-व्हिनाइल ग्वायकॉल, आणि दोन्ही विशिष्ट यीस्ट मुद्दाम बनवतं. बेल्जियमच्या लाम्बिकमध्ये तर आंबटपणा हाच मान. तेव्हा 'वाईट चव' अशी सुटी गोष्ट नसते. आपल्याला काय बनवायचं होतं, हे आधी ठरलेलं असावं लागतं.

तीन ग्लास

समजा सगळं केलं. पाव गोळी टाकली, टी-शर्ट ओला केला, वाट बघितली. नवी बॅच प्यायली आणि वाटलं, वा, फरक आहे! खरंच आहे का? की तीन आठवडे राबलो म्हणून वाटतंय? मित्र फुकट मिळतंय म्हणून 'मस्त' म्हणतात. त्यांचं मत पुराव्यात धरता येत नाही.

यासाठी 'ट्रँगल टेस्ट' वापरतात. तीन ग्लास. दोनांत एक बिअर, तिसऱ्यात दुसरी. कशात काय, हे चाखणाऱ्याला आणि देणाऱ्यालाही माहीत नाही. प्रश्न एकच: वेगळा ग्लास कुठला? 'कुठली छान' असं विचारायचंच नाही. आधी फरक कळतोय का ते तर कळू दे. नुसत्या अंदाजाने बरोबर यायची शक्यता एक-तृतीयांश. बारा जणांना चाखायला दिलं तर चार जण तुक्क्यानेच बरोबर येणार. पाच टक्क्यांच्या पातळीवर 'फरक आहे' म्हणायचं तर किमान आठ जण बरोबर यायला हवेत. बायनॉमिअल डिस्ट्रिब्युशन शिकलेल्यांनी पडताळून बघा, सात आले तरी पुरत नाही.

आणि तुलनेच्या दोन बॅचमध्ये फरक एकाच गोष्टीचा हवा. त्यासाठी एकाच वर्टचे दोन भाग करतात. एक २० अंशांवर, दुसरा २६ वर, बाकी यीस्टसकट सगळं तेच. पाणीही बदललं, हॉप्सही बदलले, तापमानही बदललं आणि मग बिअर सुधारली, तर सुधारली कशाने हे कुणाला सांगता येईल? पुढच्या वेळी तीच चव परत आणता येईल? चांगले होमब्रुअर वहीत तारीख, तापमान, रीडिंग लिहितात ते यासाठी. आपल्याकडे जर्नल 'कॉपी' करण्याची परंपरा असल्याने ही वही कशासाठी असते, हे डिग्री हातात आल्यावर समजतं.

जाता जाता, हमखास विचारला जाणारा प्रश्न: घरी केलेली बिअर विषारी होते का, डोळे जातात का? बार्ली आंबवताना मिथेनॉल अगदी नगण्य बनतं, त्यामुळे ती भीती बिअरला लागू नाही. २०१५ मध्ये मालवणीत शंभरावर माणसं गेली ती कारखान्यात वापरतात ते मिथेनॉल दारू म्हणून विकल्यामुळे. आणि ऊर्ध्वपातन करून दारू गाळणं हे अमेरिकेतही घरी करायला परवानगी नाही.

ज्यांना या विषयात खरंच रस आहे, त्यांच्यासाठी इथे सरळ रस्तेही आहेत. पुण्यात २००९ मध्ये डूलॅली सुरू झाली आणि त्यानंतर पुण्या-मुंबईत मायक्रोब्रुअरी वाढत गेल्या. तिथे पिणाऱ्यापेक्षा मोजणाऱ्याला जास्त किंमत आहे. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये अल्कोहोल टेक्नॉलॉजी आणि वाइन टेक्नॉलॉजी शिकवतात. आणि घरच्या घरी आंबवण्यावर हात बसवायचा तर इडलीचं पीठ, दही, आंबील आहेच. थंडीत पीठ का फुगत नाही आणि मे महिन्यात दही आंबट का होतं, हा वर लिहिलेल्या तापमानाचाच धडा आहे.

ट्रँगल टेस्ट तर आजच करता येईल. कॅन्टीनच्या चहापेक्षा गेटबाहेरच्या टपरीचा चहा भारी, असं तुमच्या ग्रुपमध्ये छातीठोकपणे सांगणारं कुणीतरी असेलच. तीन एकसारखे कप घ्या, तळाला पेनने खूण करा, भरणारा एक आणि देणारा दुसरा ठेवा. चहा सगळ्यांत सारखाच गरम असू द्या, नाहीतर लोक चवीवरून नाही, चटक्यावरून ओळखतील. बारा जण जमवा, आणि आठ येतात का बघा.